खड्डा, खारी आणि लिटर

‘टाकीची लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर, खोली १ मीटर, तर तिच्यात किती लिटर पाणी मावेल?’ या गणितात मुलं गुणाकाराला अडत नाहीत. ३ घनमीटर येतात. गाडी अडते ती पुढे. मीटरचे लिटर कसे झाले? हजाराने गुणायचे म्हणून गुणतात, झाले! वर्गात वर्षानुवर्षे हेच पाहिले, म्हणून या गणिताचे थोडे मूळ शोधावेसे वाटले.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली, तेव्हा हा सांधा त्यांनी उदाहरणांसाठी राखून ठेवला नाही. सुरुवातीच्या परिभाषेतच सांगून टाकला. २४ अंगुळे म्हणजे १ हात. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १ हात असेल तो घनहस्त, आणि तेवढ्या मापाला मगध देशात खारी म्हणतात. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ, प्रस्थाचा चौथा कुडव. म्हणजे एका घनहस्तात १०२४ कुडव. काठी आणि धान्याचे माप यांची सोयरीक आधीच जुळलेली!

पुढे ‘खातव्यवहार’ म्हणजे खड्ड्यांचे गणित येते. त्यातला एक खड्डा वेडावाकडा आहे. तीन ठिकाणी मोजल्यावर लांबी १०, ११, १२ हात. रुंदी ६, ५, ७ हात. खोली २, ४, ३ हात. आधी प्रत्येकाची सरासरी काढायची: ११, ६ आणि ३. गुणाकार १९८ घनहस्त. हे पेव असते, तर त्यात सुमारे १९८ खारी धान्य मावले असते. उत्तर अंदाजाचेच, पण कुदळीने खणलेला खड्डा तरी कुठे काटकोनात असतो? आपल्या पुस्तकातल्या टाक्या मात्र नेहमी शहाण्यासारख्या सरळ असतात. मोजमाप आयते मिळते, मुलांच्या वाट्याला फक्त गुणाकार उरतो.

फ्रान्समध्ये १७९५ च्या कायद्याने लिटर ठरवला, तोही असाच: १० सेंटीमीटर बाजूच्या घनात मावेल तेवढे. एका मीटरच्या लांबीत असे १० घन बसतात, रुंदीत १०, उंचीत १०. म्हणून एका घनमीटरात हजार लिटर. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि लिटर घरोघरी पोचला. त्यामागचा घन मात्र पुस्तकातच राहिला.

तेव्हा मंडळी, घरात पाचवी-सहावीतले नातवंड असेल तर एवढे कराच. पुठ्ठ्याची १० सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच अशी पेटी त्याच्याकडून बनवून घ्या. लिटरच्या मापाने सपाट भरून तांदूळ तीत ओतायला सांगा. पेटी काठोकाठ भरली, की हजाराने का गुणायचे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.