झाकणावरचं पाणी

चोर आणि पोलीस यांच्या संयुक्त विद्यमाने लागलेले शोध जगात फार थोडे. त्यांतला एक म्हणजे दारू गाळण्याचा उंच स्तंभ. साहेब त्याच्या घरगुती आवृत्तीला ‘रिफ्लक्स स्टिल’ म्हणतो.

“म्हणजे तुम्ही घेता वाटतं?” हा प्रश्न वाचकांच्या ओठांवर आला असेल. नाही, घेत नाही. पण ज्याला ‘सा’ लावता येत नाही तो संगीताचा समीक्षक होऊ शकतो, तर मी भट्टीचा इतिहासकार का होऊ नये? आमच्या घरात कडक म्हणून जे काही आलं ते द्राक्षासव. बाटलीवर अल्कोहोलचे टक्के बारीक अक्षरांत छापलेले असतात. आमच्या आईने ते कधी वाचले नाहीत, म्हणून ती शेवटपर्यंत निर्व्यसनी राहिली.

रिफ्लक्स म्हणजे काय हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. मटकीची उसळ शिजताना पातेल्यावर ताट आणि ताटात पाणी ठेवतात. खालून वाफ वर येते, गार ताटाला लागते, तिचे थेंब होतात आणि पुन्हा उसळीत पडतात. वर गेलेलं परत खाली येणं, हाच रिफ्लक्स. आमच्या हिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, एवढ्यासाठी इंग्रजी नाव कशाला? आम्ही त्याला झाकण म्हणतो.”

दारू गाळायला मात्र हा परतीचा प्रवास फार महत्त्वाचा. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. तेव्हा ७८ ला आच धरली की अल्कोहोल निघून येईल आणि पाणी मागे राहील, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात दोघं यष्टीच्या दारातल्या उतारूंसारखी एकमेकांना रेटत एकदमच निघतात. म्हणून साध्या भट्टीत पुन्हा पुन्हा गाळावं लागतं. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस एकदा गाळला की उर्राक होते, आणि ती पुन्हा भट्टीवर चढली की पुढे फेणी.

स्तंभात हे सगळं एकाच नळीत उरकतं. भांड्यावर उंच नळी, तिच्यात तारेचे गुंडाळे किंवा काचेच्या गोट्या, आणि माथ्यावर गार पाण्याचं वेटोळं. वर पोचलेली वाफ थेंब होऊन खाली येते. वाटेत वर चढणारी वाफ भेटते. थेंब तिच्यातलं पाणी काढून घेतो आणि आपल्यातलं अल्कोहोल तिला देतो. प्रत्येक पायरीवर अशी देवघेव होते आणि माथ्याशी जवळजवळ निव्वळ अल्कोहोल उरतं. ‘जवळजवळ’ म्हणायचं कारण असं, की वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर गाडी थांबते. उरलेलं चारेक टक्के पाणी साध्या उकळण्याने निघत नाही. कितीही वेगळं निघालं तरी लग्नातला आहेर परत करता येत नाही, तसं ते चिकटून राहतं.

आता इतिहास. हा स्तंभ ज्याच्या नावाने गाजला तो एनिअस कॉफी हा आयर्लंडमधला अबकारी अधिकारी. म्हणजे भट्ट्या फोडणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. तिथल्या डोंगराळ भागात लोक घरोघरी ‘पोटीन’ नावाची चोरटी दारू गाळत. सरकारने १७८३ पासून अशी शिक्षा काढली की भट्टी सापडली तर सगळ्या वस्तीला दंड. आपल्याकडे एका पोराने खडू फेकला की मास्तर अख्ख्या वर्गाला बाकावर उभे करीत, तोच न्याय. परिणामही तोच झाला. वर्ग एक झाला आणि मास्तर एकटे पडले. १८१० साली डोनेगॉल परगण्यात जमावाने कॉफीचं डोकं फोडलं, वर संगिनीने भोसकलं.

एवढं झाल्यावर माणूस एक तर संन्यास घेतो, नाहीतर सूड. कॉफीने बढती घेतली. तो आयर्लंडच्या अबकारी खात्याचा मुख्य निरीक्षक झाला, १८२४ मध्ये नोकरी सोडली आणि स्वतःच दारूचा कारखाना काढला! वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्यांत वाकून पाहिल्यावर त्यांतली उणीव त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टाइनने त्याच्याआधीच तसं एक यंत्र केलं होतं. कॉफीने ते सुधारून १८३० मध्ये पेटंट मिळवलं. दोन उंच स्तंभ आणि आत भोकांच्या तांब्याच्या ताटल्या. आंबवण वरून उतरतं, वाफ खालून चढते, आणि यंत्र न थांबता चालतं.

गंमत म्हणजे डब्लिनच्या बड्या कारखानदारांनी नाक मुरडलं. याला चव नाही, ही व्हिस्कीच नव्हे, असं सांगणारं पुस्तकच त्यांनी १८७८ मध्ये छापून काढलं. स्कॉटलंडवाल्यांनी मात्र कॉफीचा स्तंभ उचलला, त्याची हलकी दारू जुन्या दारूत मिसळली आणि बाजार मारला.

त्याच १८७८ साली आपल्या मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. दारू गाळायची ती सरकारी परवान्याने, कर भरून. तरी ठाणे-कुलाब्याकडचे लोक मोहाची फुलं वेचून घरी गाळायचेच. तेव्हा १८९२ मध्ये खुद्द मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. जी फुलं आदिवासी पोटाला खात, ती झाडावरून पडता पडताच संशयित ठरली. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याने दारू गाळणंच काय, त्यासाठी भांडं जवळ ठेवणंही गुन्हा केलं. तो कायदा अजून आहे. मात्र परवाना मिळतो, आणि तो कशासाठी? तर प्रकृती राखण्यासाठी! सायंकाळी सोडा फोडणारे निम्मे लोक सरकारदरबारी रुग्ण आहेत.

याला आधार फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे. दारू त्याच्या ताब्यात. पण घरात कार्य असेल तर गृहस्थाने आपली श्वेतसुरा करावी आणि औषधासाठी अरिष्ट करावं, अशी सवलतही आहे. ती आंबवण्याची, गाळण्याची नव्हे; पण घरात मोकळीक होती एवढं खरं. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरतं घरी गाळायची मुभा दिली. तिकडे लोक निवृत्तीनंतर बागेतल्या शेडमध्ये नळी उभी करतात आणि तापमापकाकडे बघत बसतात. आपल्याकडे निवृत्त माणूस पासबुकाकडे बघत बसतो.

आपल्याकडेही कॉफीचा स्तंभ आहेच. साखर कारखान्याशेजारच्या डिस्टिलरीचा उंच मनोरा पाहा. उसाची मळी आंबवून त्यात गाळतात, आणि विलायती नाव लावलेल्या आपल्या बहुतेक बाटल्यांचं माहेर तेच. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधून तर शेवटचं चार टक्के पाणीही वेगळ्या युक्तीने काढून घेतात. मोटारीला भेसळ सोसत नाही.

माणसाला सोसते असं मात्र आपण धरून चाललो आहोत. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली. त्यांच्या पेल्यात होतं ते कारखान्यात वापरायचं मिथेनॉल. गूळ किंवा मोह आंबवताना ते नावापुरतंच तयार होतं. इतक्या माणसांना मारायला ते पिंपातूनच आणून ओतावं लागतं. मेले ते मोलमजुरी करणारे. त्यांना स्तंभातली बाटली परवडत नव्हती आणि प्रकृतीचा परवाना काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

पाणी आणि अल्कोहोल वेगळं करायची युक्ती माणसाला १८३० पासून पक्की ठाऊक आहे. दारू आणि विष वेगळं करायचं काम अजून पिणाऱ्याच्या नशिबावर सोडलेलं आहे. दर वेळी सरकार झाकण आणखी घट्ट लावतं. झाकण घट्ट लावलं की आतली वाफ जाते कुठे, हे एकदा आमच्या हिला विचारून घ्यायला हवं होतं. तिने फुकट सांगितलं असतं.