नकाराची सोय

सिल्वासातील ज्या कुटुंबांच्या जमिनींचे मूळ पोर्तुगीजकालीन आलवारात आहे, त्यांना जुन्या दप्तराची पायरी कधी ना कधी चढावी लागते. ते दप्तर धुंडाळण्याचा भार सांगून शासनाला माहिती नाकारता येते काय?

ब्रिटनमध्ये येते. तेथील २००० च्या कायद्याखाली केंद्रीय खात्यांना ६०० पौंड व इतर बहुतेक संस्थांना ४५० पौंड ही मर्यादा नियमांनी घालून दिली. तासाला २५ पौंड या दराने ते अनुक्रमे चोवीस व अठरा तासांचे काम होते. त्यापुढे नकार देण्याची मुभा आहे.

आपल्या संसदेने २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमात असा आकडा घातला नाही. केंद्राच्या नियमांनुसार अर्जाला १० रुपये, प्रतीच्या पानाला २ रुपये. अवलोकनाचा पहिला तास विनामूल्य, पुढे तासाला ५ रुपये. कलम ७(९) एवढेच म्हणते की, साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडत असेल किंवा अभिलेखाच्या जतनास बाध येत असेल, तर माहिती मागितलेल्याच स्वरूपात देण्याचे बंधन नाही. दुसऱ्या स्वरूपात ती द्यावीच लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्टपणे सांगितले.

आम्ही अधिकारी मात्र हे कलम नकारासाठी वापरीत आलो. मी जन माहिती अधिकारी असताना एका वृद्ध शेतकऱ्याने पंचवीस वर्षांच्या फेरफार नोंदी मागितल्या. दप्तरखान्यात लिपिक एकच. ७(९) चा हवाला देऊन मी अर्ज निकाली काढला. ‘समक्ष येऊन पाहावे’ ही एक ओळ लिहावयास हवी होती, ती लिहिली नाही. ते गृहस्थ अपिलातही गेले नाहीत.

प्रशासनाची अडचण खोटी नाही. कर्मचाऱ्यांचा पाऊण वेळ माहिती पुरविण्यातच जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये बजावले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये अर्ज दीडशे शब्दांत व एकाच विषयापुरता असावा असा नियम केला. (सरकारी टिप्पणीला अशी मर्यादा कोणी घातल्याचे ऐकिवात नाही.)

जीर्ण पान छायाप्रतीच्या यंत्राखाली दाबता येणार नाही, असे उत्तर आले तर ते वाजवी समजावे. पण मग अवलोकनाची व टिपणे घेण्याची मागणी करावी. तो हक्क कलम २ मध्येच दिला आहे. तेही नाकारल्यास तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यावरील निर्णयानंतर नव्वद दिवसांत दुसरे. आपला प्रदेश केंद्रशासित असल्याने ते दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते.