काळजीवाहकांच्या कामाला हवी बढतीची वाट : भोपाळ-सीहोरचे उदाहरण

वृद्ध, दिव्यांग किंवा दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे, औषधांच्या वेळा सांभाळणे ही कामे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरातील स्त्रियांनी विनामोबदला केली. शहरांतील अनेक कुटुंबे आता ती ‘ब्यूरो’मार्फत येणाऱ्या मावशींकडे सोपवतात. काम अत्यंत जबाबदारीचे असले, तरी त्याला ठरलेले शिक्षण, पदनाम वा बढती बहुधा नसते. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे ‘करिअर अकादमी’.

संकल्पना

वर्गातील शिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि नोकरी यांची सांगड घालणारी ही पद्धत 1969 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात शालेय विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. प्रौढांच्या शुश्रूषेच्या क्षेत्रात तिची निकड अलीकडे तीव्र झाली आहे. इंग्लंडमध्ये नव्या काळजीवाहकांसाठी 2015 पासून किमान कौशल्यांचे ‘केअर सर्टिफिकेट’ आहे. तरीही 2021-22 मध्ये तेथे या क्षेत्रातील सुमारे 1 लाख 65 हजार जागा रिक्त होत्या. केवळ प्रमाणपत्राने माणसे या कामात टिकत नाहीत, हाच त्याचा अर्थ.

भोपाळची गरज

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेट वायूची झळ 5 लाखांहून अधिक लोकांना बसली. फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे विकार अनेकांना कायमचे जडले. त्या वेळी तरुण असलेले वायुपीडित आज वार्धक्यात आहेत. त्यांच्यासाठी 1996 मध्ये ‘संभावना’ हे चिकित्सालय सुरू झाले. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी 2004 च्या गोल्डमन पुरस्काराच्या रकमेतून ‘चिंगारी’ न्यास उभारला. तो वायुपीडित कुटुंबांतील दिव्यांग मुलांवर उपचार करतो. मात्र मुले मोठी होतात, पालक थकतात आणि रुग्णालयाबाहेरच्या रोजच्या आधाराचा प्रश्न उरतोच.

सीहोरची संस्था

केंद्रीय मंत्रिमंडळाने मे 2018 मध्ये भोपाळ येथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य पुनर्वसन संस्था स्थापण्यास मंजुरी दिली. पहिल्या तीन वर्षांचा अंदाजित खर्च 179 कोटी 54 लाख रुपये होता. पुढे संस्थेसाठी भोपाळलगतच्या सीहोर जिल्ह्याची निवड झाली. मानसिक आरोग्य पुनर्वसनाला वाहिलेली ही देशातील पहिलीच संस्था. रुग्णसेवेबरोबरच मनुष्यबळ घडवणे हे तिचे उद्दिष्ट असून प्रमाणपत्रापासून एम. फिल.पर्यंतचे शिक्षण तिच्या आराखड्यात आहे. काळजीवाहकांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही तेथे चालवला जातो. प्राथमिक शुश्रूषा आणि उच्चशिक्षण एकाच छपराखाली असल्याने अकादमीच्या संकल्पनेला ती जवळची ठरते.

निसटलेली पायरी

कोविडकाळात, 18 जून 2021 रोजी, केंद्र सरकारने 1 लाखाहून अधिक आघाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले. त्यातील सहा कामांमध्ये घरगुती शुश्रूषेचा समावेश होता. अशा अभ्यासक्रमांनी तातडीची गरज भागते; पुढे काय, याचे उत्तर मिळत नाही. 2013 च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याने कौशल्यांचे स्तर ठरवून दिले आहेत. पण पुनर्वसन क्षेत्रातील पदविकांना सामान्यतः बारावीची अट असते. दहावीपर्यंत शिकलेल्या, वर्षानुवर्षे रुग्ण सांभाळणाऱ्या स्त्रीसाठी वाट तेथेच खुंटते. तिच्या अनुभवाचे मूल्यमापन, पूरक शिक्षण, शिकत असताना विद्यावेतन आणि पात्रतेनुसार वाढणारा पगार यांची जोड मिळाली, तरच संस्थेला अकादमीचे स्वरूप येईल.

गोव्यासाठी महत्त्व

2011 च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोकांचे प्रमाण 8.6 टक्के, तर मध्य प्रदेशात 7.9 टक्के होते. गोव्यात ते 11.2 टक्के, म्हणजे या दोहोंपेक्षा अधिक होते. मुले परदेशी आणि आईवडील गावच्या घरी, असे चित्र येथे नवे नाही. अशा घरांत येणाऱ्या मावशीला शिकण्याची आणि वर चढण्याची वाट मिळणे हे तिच्या उपजीविकेइतकेच त्या आईवडिलांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.