पुरुषनामाआडची कातेरिना

स्पेनच्या ईशान्येस, पिरिनीज पर्वत आणि भूमध्य समुद्र यांच्या कुशीत कातालोनिया हा प्रांत आहे. त्याची भाषा स्पॅनिशहून निराळी. दीर्घ अवनतीनंतर एकोणिसाव्या शतकात तिच्या वाङ्मयाने पुन्हा डोके वर काढले, आणि ‘पुष्पक्रीडा’ नावाच्या काव्यस्पर्धांचा या पुनरुज्जीवनास मोठा हातभार लागला. १८९८ साली ओलोत गावच्या अशाच स्पर्धेत एका नाट्यमय स्वगतास पारितोषिक मिळाले. बापाच्या धाकाने स्वतःच्या तान्ह्या मुलाचा जीव घेऊन बसलेल्या, वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या तरुणीचे ते आक्रंदन होते. परंतु लिहिणारी एक अविवाहित तरुण स्त्री आहे असे कळताच मोठा गहजब झाला.

श्रोतेहो, संहितेतील एक अक्षरही या वेळात बदलले नव्हते. बदलले होते ते फक्त लेखकाचे लिंग! म्हणजे वाद लेखनाच्या गुणाचा नव्हता; जीवनाच्या कोणत्या अंधारात कोणी पाहावे, याचा होता.

त्या स्त्रीचे नाव कातेरिना आल्बेर्त. १८६९ साली लेस्काला या समुद्रकाठच्या गावी, जमीनदार घराण्यात तिचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. १८९० साली वडील वारले, आणि पुढे घराची व जमिनीची व्यवस्था तिने पाहिली. शेतकऱ्यांचे जिणे तिने जवळून पाहिले ते असे.

गहजबानंतर तिने लेखणी टाकली नाही. नाव मात्र बदलले. स्वतःच्याच एका अपुऱ्या कादंबरीच्या नायकाचे ‘व्हिक्तोर काताला’ हे नाव तिने घेतले. १९०२ साली तिच्या ग्रामीण कथांचा संग्रह निघाला आणि १९०५ साली ‘सोलितुत’, म्हणजे ‘एकाकीपण’, ही कादंबरी. नवऱ्याबरोबर डोंगरावरच्या एका देवळाची राखण करावयास आलेली मिला ही तिची नायिका. नवरा आळशी, नादान. आधार वाटावा असा एकच, तो म्हणजे वृद्ध मेंढपाळ. अखेर त्याचा मृत्यू आणि स्वतःवरील अत्याचार सोसून मिला नवऱ्याला सोडते व एकटी डोंगर उतरते. लेखिकेने तिला कोणाच्याही पदरात टाकले नाही, की तिच्यासाठी अश्रूही ढाळले नाहीत.

व्हिक्तोर काताला कोण, हे गुपित लवकरच फुटले. तरीही तिने ते नाव टाकले नाही. आरंभी ढाल म्हणून घेतलेले नाव पुढे तिच्या स्वातंत्र्याची निशाणी झाले. १९१७ साली बार्सेलोनाच्या पुष्पक्रीडांचे अध्यक्षपद तिला मिळाले. १९२३ साली तेथील शाही वाङ्मय अकादमीत निवडली गेलेली ती पहिली स्त्री ठरली.

१९३९ साली फ्रँकोचा विजय झाला आणि कातालान भाषेचीच मुस्कटदाबी सुरू झाली. स्त्री म्हणून जिचा आवाज नाकारला गेला होता, तिची भाषाच आता नाकारली गेली. तरी १९४६ साली तिने त्याच भाषेत पुस्तक प्रसिद्ध केले. १९६६ साली जन्मगावीच तिचा अंत झाला. आज तिच्या पुस्तकांवर पुरुषाचे नाव छापलेले असते, आणि वाचकाला त्यामागची बाई ठाऊक असते. ओलोतला ज्या गोष्टीने गहजब झाला, तीच आता तिच्या कीर्तीचा भाग होऊन बसली आहे.