महाड नगरपालिका, चवदार तळे आणि शहरविकासातील लोकसहभाग : एक ऐतिहासिक अभ्यास (१९२३ ते १९३७)

प्रस्तावना

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियानाचा प्रारंभ केला. देशभरातून टप्प्याटप्प्याने शंभर शहरांची निवड झाली. महाराष्ट्रातील पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या शहरांचा त्यात समावेश होता. ३१ मार्च २०२५ रोजी या अभियानाची मुदत संपली. स्थानिक स्वराज्य संस्था आणि शहराशी हितसंबंध असलेले विविध घटक यांच्या सहकार्यातून शहराचा विकास साधावा, हे या अभियानाचे घोषित तत्त्व होते. महाडसारख्या लहान नगरपालिकेला या योजनेत स्थान नव्हते. तथापि, स्थानिक शासन आणि नागरिक यांच्या सहकार्याचा प्रश्न महाडमध्ये सुमारे नव्वद वर्षे आधीच उभा राहिला होता, आणि तो पाण्यासारख्या मूलभूत नागरी सुविधेच्या संदर्भात उभा राहिला होता.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा अभ्यास आजवर मुख्यतः सामाजिक समतेच्या चळवळीचा इतिहास म्हणून झाला आहे आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत निबंधात याच घटनाक्रमाकडे नगर प्रशासनाच्या इतिहासाचा एक भाग म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांतील अंतर तपासणे.
२. नगरपालिकेच्या निर्णयावर कोणत्या घटकांचा प्रभाव पडला, याचा शोध घेणे.
३. या अनुभवाच्या आधारे आजच्या महाड-पोलादपूर परिसरातील शहरविकासासाठी काही निष्कर्ष मांडणे.

कायदेशीर पार्श्वभूमी

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने भारतातील स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली. मुंबई इलाख्यातील लहान शहरांचा कारभार पुढे १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानुसार चालू लागला. १९१९ च्या सुधारणा कायद्याने स्थानिक स्वराज्य हे खाते प्रांतातील लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविले. मात्र नगरपालिकेचा मताधिकार मालमत्ता व करभरणा यांच्याशी बांधलेला असल्याने ‘नागरिक’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ घरमालक, व्यापारी आणि करदाता इतकाच राहिला.

या चौकटीत ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली व चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. शासनाने सप्टेंबर १९२३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसंबंधी खात्यांना सूचना दिल्या. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला. चवदार तळ्याचा वापर अस्पृश्यांनी करण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय होता.

ठराव आणि वस्तुस्थिती

या ठरावाची शब्दयोजना लक्षात घेण्यासारखी आहे. ‘हरकत नाही’ असे म्हणणारी संस्था अडथळा आणणार नाही एवढेच सांगते. अडथळा दूर करण्याची जबाबदारी ती स्वीकारत नाही. तळ्याभोवतीच्या रस्त्यांलगत सवर्णांची घरे होती. त्या घरांसमोरून जाऊन पाणी भरणाऱ्याच्या संरक्षणाची कोणतीही तरतूद ठरावाबरोबर आली नाही. परिणामी तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि तळ्याचा वापर पूर्वीप्रमाणेच चालू राहिला.

तळ्यावर पाणी कोणाला हवे होते, हाही प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. महाड ही तालुक्याची कचेरी आणि बाजारपेठ असल्याने आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्यांना तेथे वारंवार यावे लागे. कोणी खरेदीसाठी येई, तर कोणी गावकामगार या नात्याने सरकारी टपाल किंवा वसुलीचा भरणा घेऊन येई. शासनाचेच काम करण्यासाठी आलेल्या या माणसांना शहरात पिण्याचे पाणी मिळत नसे. त्यांच्यासाठी शहराच्या कडेला त्यांच्या वस्तीतील विहीर एवढीच सोय होती. इतर धर्मीयांना आणि गुराढोरांना मात्र तळ्यावर मज्जाव नव्हता. म्हणजे तळ्याची ज्यांना सर्वाधिक गरज होती, त्यांपैकी बहुतेकजण नगरपालिकेचे करदाते नव्हते आणि मतदारही नव्हते. शहराच्या सुविधांचा वापर करणारा वर्ग आणि शहराचा कारभार ठरविणारा वर्ग हे दोन वेगळे होते.

मार्च १९२७ : ठरावाची लोकांनी केलेली अंमलबजावणी

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेच्या आयोजनात दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचा पुढाकार होता. महाड नगरपालिकेच्या अध्यक्षपदी राहिलेले सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांचे सक्रिय साहाय्य होते. नगरपालिकेचा पदाधिकारी आणि शहराबाहेरील वंचित समाज यांच्यात सहकार्य होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

परिषदेस आलेल्या लोकांसाठी पाणी विकत घ्यावे लागले होते. ज्या गावात नगरपालिकेच्या ठरावाने तळे खुले झाले होते, त्याच गावात ही वेळ आली. २० मार्च रोजी परिषदेच्या अखेरीस सर्वजण मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि डॉ. आंबेडकरांसह त्यांनी तळ्याचे पाणी घेतले. प्रशासकीय दृष्टीने पाहता, १९२४ च्या ठरावाची ही पहिली प्रत्यक्ष अंमलबजावणी होती आणि ती लाभार्थ्यांनी स्वतः केली.

यानंतर अस्पृश्य वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत अशी अफवा शहरात पसरली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

ऑगस्ट १९२७ : नगरपालिकेची माघार

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. विशेष म्हणजे सार्वजनिक पाणवठे खुले न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांची अनुदाने रोखावीत, अशी शिफारस विधिमंडळाने ऑगस्ट १९२६ मध्येच केली होती. वरच्या शासनाचा आर्थिक दबावही स्थानिक दबावापुढे पुरा पडला नाही.

ही माघार म्हणजे लोकसहभागाचा अभाव होता, असे सरसकट म्हणता येणार नाही. नगरपालिकेने लोकांचे ऐकले होते. तथापि, ज्यांचे ऐकले ते तळ्याभोवती राहणारे, कर भरणारे आणि मत देणारे लोक होते. आजच्या परिभाषेत ते हितसंबंधी घटकच होते. त्यांच्याशी झालेल्या सहकार्यातून एका वर्गाला मिळालेला अधिकार काढून घेण्यात आला. म्हणून सल्लामसलत ही स्वतःहून न्याय्य असतेच असे नाही. कोणते हक्क चर्चेपलीकडचे आहेत हे आधी निश्चित नसेल, तर बहुमताचा सहभाग दुर्बलांच्या विरोधातही उभा राहू शकतो.

न्यायालयीन टप्पा

डॉ. आंबेडकरांनी २५ व २६ डिसेंबर १९२७ रोजी सत्याग्रह जाहीर केला. त्यापूर्वीच १२ डिसेंबर रोजी काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेच्या मंडपासाठी हिंदू रहिवाशांकडून जागा मिळाली नाही. ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबर रोजी परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो प्रतिनिधी सत्याग्रहास सिद्ध असताना, न्यायालयाचा हुकूम मोडू नये म्हणून सत्याग्रह स्थगित करण्यात आला. नगरपालिकेने आपला ठराव फिरविला असताना, ज्यांना त्याचा फटका बसला त्यांनी कायद्याची मर्यादा पाळली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

पुढील खटल्यात दोन मुद्दे केंद्रस्थानी होते. पहिला मुद्दा तळे खाजगी की सार्वजनिक, हा होता आणि दुसरा अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी व कायद्याने मान्य होण्याजोगी आहे काय, हा होता. तळे खाजगी असल्याचे म्हणणे खालच्या न्यायालयांत टिकले नाही. ८ जून १९३१ रोजी मूळ दाव्याचा निकाल वादींच्या विरोधात लागला. त्यावरील अपिलांनंतर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांनी दिलेल्या निकालाने प्रकरण संपले. वगळण्याची अनादी प्रथा वादींना सिद्ध करता आली नाही, असे न्यायालयाने ठरविले.

१९२४ च्या एका ठरावाचा आशय न्यायालयीन निर्णयाने पक्का होण्यास तेरा वर्षे लागली. नगरपालिका आपल्या ठरावावर ठाम राहिली असती, तर या खटल्याचे स्वरूप निश्चितच वेगळे झाले असते.

आजचा संदर्भ : महाड आणि पोलादपूर

१९२७ मध्ये तळ्यापासून वंचित राहिलेले बहुतेक लोक नगरपालिकेच्या हद्दीबाहेरचे होते. हद्दीचा हा प्रश्न आजही वेगळ्या रूपात शिल्लक आहे. सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर तालुक्यातून महाडकडे येते. महाडला गांधारी नदीचे पाणी तिला मिळते आणि खाली बाणकोट खाडीतील भरतीचा परिणाम तिच्या निचऱ्यावर होतो. त्यामुळे महाड शहरात पाणी किती चढेल, हे मोठ्या प्रमाणात पोलादपूरच्या डोंगरात पडणाऱ्या पावसावर अवलंबून असते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली असताना तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

या संकटांना नगरपालिकेची हद्द ठाऊक नसते. मात्र निर्णयाची रचना अजूनही हद्दीत बांधलेली आहे. महाड येथे नगरपालिका आहे, पोलादपूर येथे नगरपंचायत आहे आणि डोंगरातील वाड्या स्वतंत्र ग्रामपंचायतींत विभागलेल्या आहेत. बाजार, दवाखाना, महाविद्यालय आणि कचेरी यांसाठी पोलादपूरच्या खेड्यांतील माणूस महाडला येतो. महाडच्या विकास आराखड्यात मात्र त्याला आवाज नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, परंतु प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या संस्थांपुरती ठेवली. २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या आत असलेल्या महाडला ती लागू होत नाही. म्हणजे शहराच्या आतील सहभागाची हमीही येथे तुटपुंजी आहे.

स्मार्ट सिटी अभियानात प्रत्येक शहरासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली होती. कामांना गती मिळावी, हा तिचा हेतू होता. परंतु महाडच्या इतिहासातील अडचण गतीची नव्हती. विधिमंडळाच्या शिफारशीनंतर अवघ्या पाच महिन्यांत महाडने ठराव केला होता. त्यामागे उभे राहण्याची बांधिलकी तेथे कमी पडली.

निष्कर्ष

१. नागरी सुविधा खुली करणारा ठराव हा प्रारंभ असतो. संरक्षण, देखरेख आणि जबाबदार अधिकारी यांची तरतूद ठरावातच नसेल, तर तो परवानगीपुरता उरतो.

२. हितसंबंधी घटकांची यादी कोण करतो, यावर सहकार्याचे फलित ठरते. करदाता व मतदार यांच्याबरोबर सुविधा वापरणाऱ्या, परंतु हद्दीबाहेर राहणाऱ्या माणसाचाही त्या यादीत समावेश असला पाहिजे.

३. मूलभूत हक्क हे सल्लामसलतीचे विषय होऊ शकत नाहीत. हक्कांची अंमलबजावणी कशी करावी, एवढ्यापुरतीच सल्लामसलत असावी.

४. महाड नगरपालिका, पोलादपूर नगरपंचायत आणि सावित्रीच्या खोऱ्यातील ग्रामपंचायती यांनी पूर्वसूचना, पाणी व निवारा यांसाठी संयुक्त व्यवस्था उभारणे ही या परिसराची गरज आहे. स्थानिक महाविद्यालयांना पर्जन्यमानाच्या नोंदी, पूररेषांचे आलेखन आणि जुन्या दप्तरांचा अभ्यास यांद्वारे त्यात हातभार लावता येईल.

दरवर्षी १९ व २० मार्च रोजी देशाच्या विविध भागांतून लोक चवदार तळ्यावर येतात. त्या दिवसांत महाड हे शहर आपल्या हद्दीबाहेरच्या लोकांसाठी पाण्याची, रस्त्याची आणि निवाऱ्याची सोय करते. जे एका स्मृतिदिनी शक्य होते ते वर्षभराच्या नगर प्रशासनात आणणे, हाच या इतिहासाचा आजच्या संदर्भातील अर्थ आहे.