आंकड्यांची आज्ञा

हातानें चक्र फिरवून धातु कोरणाऱ्या कारागिराची दृष्टि हीच पूर्वीं मिलिंग यंत्राची बुद्धि असे. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यास हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठीं बिनचूक नमुनापट्ट्या हव्या होत्या. त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनीं गणकयंत्राच्या साहाय्यानें वक्ररेषेवरील २०० बिंदूंचें गणित केलें. एकानें आंकडे वाचावे, दोघांनीं एकेका दिशेचें चक्र फिरवावें आणि उरलेले उंचवटे कानशीनें घासावे, अशी रीत पडली. मग हे आंकडे यंत्रानेंच कां वाचूं नयेत, असें पार्सन्स यांच्या मनांत आलें. १९४९ सालीं अमेरिकन हवाई दलानें या कल्पनेस द्रव्यबळ दिलें. १९५२ सालीं एम्. आय्. टी. या संस्थेनें छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवर चालणारें यंत्र दाखविलें. महाविद्यालयाची पदवी नसलेल्या पार्सन्स यांस १९८५ सालीं स्ट्यूलेन यांजसह राष्ट्रीय पदक मिळालें.

आतां ही विद्या हौशी माणसाच्या मेजावर आली आहे. २००९ सालीं निघालेली ‘ग्रबल’ ही आज्ञावली तळहाताएवढ्या आर्डुइनोवर जी-कोडाच्या ओळी वाचून यंत्र चालविते. परंतु यंत्र चुकीचा आंकडाहि तितक्याच निष्ठेनें पाळतें. म्हणूनच कटरची वाट प्रथम माणसाला स्वतःच्या मनांत चालून पाहावी लागते.