ई. कोलायची उसनी चाल

‘बॅक्टेरियल फोरेजिंग’ या अल्गोरिदमवर मी वाचलेले बहुतेक लेख २००२ सालापासून सुरू होतात. त्या वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या केव्हिन पासिनो यांनी ई. कोलाय जिवाणूच्या अन्नशोधावरून किचकट गणिताचे उत्तम उत्तर हुडकण्याची रीत मांडली. हा जन्मदाखला मला मान्य नाही.

मूळ धागा १९७२चा. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी एकेका जिवाणूचा तिन्ही मितींत पाठलाग करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने त्याची चाल टिपली. दोनेक मायक्रॉनचा हा जीव सुमारे सेकंदभर सरळ पोहतो, क्षणात कोलांटी खातो आणि भलतीकडेच तोंड करून पुन्हा निघतो. सुकाणू नाहीच! त्याच वर्षी मॅकनॅब आणि कॉशलंड यांनी दाखवले, की असा जिवाणू दोन जागांची नव्हे, दोन वेळांची तुलना करतो. मघापेक्षा आता बरे असेल, तर कोलांटी लांबणीवर.

यात गणित आहे, हे बर्कलीच्या हान्स ब्रेमरमान यांनी ओळखले. ‘कीमोटॅक्सिस अँड ऑप्टिमायझेशन’ हा त्यांचा निबंध १९७४चा, म्हणजे पासिनोंच्या अठ्ठावीस वर्षे आधीचा. इतिहास लिहिताना त्याला तळटीपेत ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

पासिनोंचे काम त्याने लहान होत नाही. एकट्या जिवाणूची त्यांनी वसाहत केली. तीत निम्मे दुबळे मरतात, उरलेले दुभंगतात, आणि काहींना मध्येच कुठेतरी उचलून टाकले जाते, म्हणजे सारे एकाच टेकाडाला शिखर समजून बसत नाहीत.

मात्र इथे जिवाणू आणि गणित यांची फारकत झाली, आणि तिकडे फारसे कोणी बघत नाही. बर्ग-ब्राउन यांच्या नोंदीत अन्नाकडे जाणारी धाव लांबते. दूर जाणारी मात्र आखूड होत नाही, नेहमीइतकीच राहते. पासिनोंचा जिवाणू पाऊल चुकताच थांबून दिशा बदलतो. खऱ्या जिवाणूची स्मृतीही मोठी: तो ताज्या सेकंदाची तुलना त्याआधीच्या तीनेक सेकंदांशी करतो, हे १९८६मध्ये बर्ग यांच्याच गटाने मोजले. अल्गोरिदमला आठवतो तो फक्त मागचा एक आकडा.

शिवाय पावलाची लांबी ठरलेली, त्यामुळे उत्तराच्या दाराशी येऊन तो अलीकडे-पलीकडे हेलकावत राहतो. हा दोष कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००९मध्ये गणिताने उलगडला आणि उत्तराजवळ पाऊल आपोआप आखूड होईल अशी दुरुस्ती सुचवली. ती त्यांनी समीकरणांतून काढली. सूक्ष्मदर्शकाकडे परत जावे लागले नाही.